नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

दसरा-दिवाळी झाली की आमच्या ओपीडीत दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे फराळाने वर गेलेली साखर आणि दुसरी म्हणजे नव्या गाडीच्या गप्पा. तपासणी होते, औषधे लिहून होतात, आणि उठता उठता रुग्ण खिशातून मोबाईल काढून फोटो दाखवतो, "डाक्टर, नवी गाडी लिधी." हार घातलेली, चाकांखाली लिंबू ठेवलेली गाडी पाहून आपल्यालाही बरे वाटते. त्यानंतर पुष्कळदा एक प्रश्न येतो. नवे इंजिन आहे, सुरुवातीला किती वेगाने चालवायचे? हा प्रश्न डॉक्टरला का विचारावा, असे पूर्वी मला वाटायचे. एका शिक्षकांमुळे माझे मत बदलले.

हे शिक्षक पारोळ्याकडचे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या जवळ, रक्तदाबाची गोळी चालू. दिवाळीनंतर ते आले तेव्हा तक्रार वेगळीच होती. आठ-दहा दिवसांपासून रोज सकाळी डोके जड होई, मळमळे, शाळेत पहिला तास घेताना गरगरे. दुपारनंतर बरे वाटे. रक्तदाब ठीक होता, चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला. करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र त्यांनी घरी लावून पाहिले होते. त्यावर ऑक्सिजन ९८ आला होता. 

"घरात आणखी कोणाला त्रास होतो का?" मी विचारले.

"मंडळींचंही सकाळी डोकं दुखतं. पण त्यांना पित्ताचा त्रास आहेच."

"आणि रविवारी?"

ते थोडे थांबले. "रविवारी नाही होत, सर."

गेल्या पंधरा दिवसांत घरात नवे काय आले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "गाडी." पेट्रोलची, घराण्यातली पहिली चारचाकी. मेव्हण्यांनी सांगितले होते की नवे इंजिन पहिले काही दिवस नुसते चालू ठेवायचे, म्हणजे ते 'मोकळे' होते. म्हणून गुरुजी रोज पहाटे उठून अर्धा तास गाडी जागेवरच चालू ठेवत. आवाजाने शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून शेडचे शटर खाली ओढत. शेड पत्र्याचे, आणि त्याला लागून स्वयंपाकघर. मधले दार उघडेच असे, कारण चहा तिकडूनच येई. रविवारी गाडी घेऊन ते शेतावर जात, त्यामुळे शेडमध्ये ती चालू ठेवायची वेळच येत नसे.

निदान समोर आले होते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा बळकावतो. मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडू लागतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. मात्रा वाढली की झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठेलच याची खात्री नसते. बोटाच्या यंत्राची अडचण अशी की, त्याला ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. म्हणून तो धडधडीत ९८ दाखवतो. मोकळ्या हवेत हा वायू काही तासांत रक्तातून निघून जातो, त्यामुळे दुपारी तपासणीत तो सापडण्याची शक्यता कमी होती. मी औषध लिहिले नाही. उद्यापासून गाडी आधी बाहेर काढा आणि मगच बोलू, एवढेच सांगितले. चार दिवसांनी दोघांचीही डोकेदुखी थांबल्याचा फोन आला.

नव्या गाडीत बसवलेले शुद्धीकरण यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हा वायू बराच कमी करते हे खरे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर तर धूर डोळ्यांना दिसतही नाही. पण हे यंत्र तापल्यावरच काम करते. पहाटेच्या थंड इंजिनात पहिली काही मिनिटे ते जवळजवळ झोपलेले असते, आणि बंद शेडमध्ये हवा बदलत नसल्याने वायू साचत जातो. तेव्हा पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, मग गाडी कितीही नवी असो. हीच गोष्ट थंडीत खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीला आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही लागू आहे.

पण गुरुजींचा मूळ प्रश्न राहिलाच होता. नव्या इंजिनाला खरोखर 'मोकळे' करावे लागते का? आणि लागत असेल तर कसे?

जुनी पद्धत कुठून आली

माझ्या लहानपणी अ‍ॅम्बेसेडर नाहीतर प्रीमियर पद्मिनी घेणारा माणूस मागच्या काचेवर 'रनिंग इन' असे लिहून गाडी फिरवायचा. त्याचा अर्थ, इंजिन नवे आहे, मी हळू चाललो आहे, तुम्ही पुढे जा. बजाज चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ती हाती आल्यावर लोक तिला बाळंतिणीसारखे जपत. पेट्रोलमध्ये सुरुवातीला थोडे जास्त ऑईल घालायचे, मागे कोणाला बसवायचे नाही, वेग चाळीसच्या आत. शेतावरच्या विहिरीवर किर्लोस्करचे डिझेल इंजिन आले तेव्हा आमचे आबा पहिल्या आठवड्यात पंप पूर्ण ताकदीने चालू देत नसत. 

ही काळजी त्या काळी योग्यच होती. तेव्हाच्या यंत्रांनी कापलेले धातूचे पृष्ठभाग आजच्या मानाने खडबडीत असत. ऑईलही साधे असे. पहिले ऑईल काढले की त्यात लोखंडाची चमक डोळ्यांनी दिसे. ती चमक कशाची, हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते.

जात्याला जसे टाके

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे लगेच कळेल. नवे जाते गुळगुळीत असून चालत नाही. पाथरवट त्याच्या पाळ्यांना टाकीने टाके घालतो, तेव्हा ते दळते. पण टाके घातल्यावर पहिले दळण आपण खात नाही. मूठ-दोन मुठी धान्य दळून ते पीठ जनावरांपुढे टाकतो, कारण त्यात दगडाची कच असते. त्या पहिल्या दळणात दोन्ही पाळ्यांची वर आलेली टोके एकमेकांवर घासून निघतात आणि जाते 'बसते'.

इंजिनाच्या सिलिंडरमध्येही असेच असते. पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो, तिच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढतात. या क्रियेला होनिंग म्हणतात. रेघा एकमेकींना छेदणाऱ्या, चटईच्या विणीसारख्या असतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, या रेघा त्याच्या मानाने फारच उथळ. त्यांचे काम ऑईल धरून ठेवण्याचे. पिस्टनभोवती लोखंडी रिंगा असतात. त्यांनी भिंतीला पुरते चिकटून राहायचे, म्हणजे वरचा जळता वायू खाली जाणार नाही आणि खालचे ऑईल वर येऊन जळणार नाही. 

नव्या रिंगा आणि नवी भिंत एकमेकांच्या ओळखीच्या नसतात. दोघींची वर आलेली बारीक टोके आधी एकमेकांवर घासतात, झिजतात आणि मग रिंग सगळ्या बाजूंनी टेकते. यालाच इंजिन बसणे म्हणायचे. ही क्रिया पहिल्या काही तासांत वेगाने होते आणि पुढे मंदावत जाते. 

फार जपले तर काय होते

आता खरा मुद्दा. रिंग भिंतीला कशामुळे दाबली जाते? बऱ्याच जणांना वाटते, तिच्या स्वतःच्या ताणामुळे. तो ताण असतो, पण थोडा. खरा दाब देतो तो जळणारा वायू. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की वायू वरच्या रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला, भिंतीकडे ढकलतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडीवर भार आला, की हा दाब वाढतो. इंजिन जागेवर नुसते चालू असेल तेव्हा तो अगदी कमी असतो.

म्हणजे गुरुजी शेडमध्ये रोज अर्धा तास जे करत होते, त्याने इंजिन बसायला फारशी मदत होत नव्हती. उलट अशा बिनभाराच्या चालण्यात रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत, ऑईल वर सरकते, भिंतीवर भाजते आणि तिथे काचेसारखा गुळगुळीत थर बसतो. ऑईल धरणाऱ्या रेघाच बुजतात. जनरेटर सांभाळणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो. मोठा जनरेटर महिनोन्महिने नाममात्र भारावर चालवला की तो ऑईल प्यायला लागतो.

यातला एक धडा मी स्वतः पैसे मोजून घेतला आहे. वीसेक वर्षांपूर्वी पहिली गाडी घेतली, तेव्हा आबा सोबत होते. त्यांनी विहिरीवरच्या इंजिनाचा नियम गाडीला लावला आणि मी तो पाळला. जळगावहून धुळ्याला जाताना संपूर्ण नव्वदेक किलोमीटर वेग चाळीस, तोही वरच्या गिअरमध्ये. एरंडोलच्या पुढे कापसाचे ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेल्याचे आठवते. असे मी पाच हजार किलोमीटर केले. पुढे गाडी ऑईल खाऊ लागली. हेड उघडल्यावर मेस्त्रींनी मला बोलावून सिलिंडरची भिंत दाखवली. आरशासारखी चमकत होती. मला ते चांगले लक्षण वाटले. ते हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही हिला आयसीयूतच ठेवलं. चालवलीच नाही." पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगा, असा खर्च निघाला.

एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये, असे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. माझ्या गाडीत दुसराही काही दोष असू शकेल. पण मेस्त्रींचे म्हणणे आणि यंत्रशास्त्राचे म्हणणे एकमेकांशी जुळते, म्हणून सांगितले.

आणि फार ताणले तर

याच्या अगदी उलट सांगणारेही आहेत. मोबाईलवरच्या चित्रफितींत हल्ली ऐकू येते की नवे इंजिन शोरूममधून निघताच जोरात पळवा, म्हणजे रिंगा झटकन बसतात. वायूच्या दाबाचा मुद्दा त्यांच्या बाजूने आहे, पण अर्धाच. 

दोन टोके घासतात तेव्हा त्या बारीक बिंदूवर क्षणभर प्रचंड उष्णता तयार होते. मध्ये ऑईलचा पडदा असेल आणि घासण्यामध्ये उसंत मिळत असेल, तर ती उष्णता वाहून जाते. सतत पूर्ण जोर लावला तर ऑईलचा पडदा फाटतो, धातू धातूला चिकटतो आणि ओढून निघताना ओरखडा उमटतो. टोक झिजणे वेगळे आणि भिंत ओरबाडली जाणे वेगळे. पहिल्याने इंजिन बसते, दुसऱ्याने ते कायमचे खराब होते. शिवाय नव्या गाडीत फक्त रिंगाच नव्या नसतात. गिअर, बेअरिंग, कॅमशाफ्ट, सगळेच एकमेकांना नवे असते, आणि त्यांना बसण्यासाठी असा जोर लागत नाही.

म्हणून उत्तर मधले आहे. इंजिनाला भार द्यावा, पण तो थोडा थोडा, बदलता आणि मध्ये विसावा देऊन.

आज याची गरज किती?

पूर्वीपेक्षा कमी, पण शून्य नाही. आता कारखान्यात होनिंग दोन टप्प्यांत करतात. आधी खोल रेघा ओढायच्या आणि नंतर त्यांची वर आलेली टोके छाटून टाकायची. म्हणजे पूर्वी जी झीज मालकाच्या हातून रस्त्यावर व्हायची, तिचा मोठा भाग गाडी घरी येण्याआधीच उरकलेला असतो. इंजिन बसवल्यावर फिरवून तपासलेही जाते. ऑईल सुधारले, फिल्टर सुधारले. त्यामुळे आज एखाद्याने सुरुवातीला चूक केली तरी इंजिन लगेच जाम होईल असे नाही. परिणाम झालाच तर तो उशिरा दिसतो. काही हजार किलोमीटरनंतर ऑईल थोडे जास्त लागते, ओढ थोडी कमी वाटते. तोवर कारण कोणाला आठवत नाही.

बऱ्याच कंपन्यांच्या माहिती पुस्तिकेत आजही पहिल्या १००० किलोमीटरसाठी वेगळे पान असते. ही पुस्तिका हातमोज्यांच्या खणात, म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती पिशवी कधी फुटतच नाही. औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखेच तिचे होते. ती काढून ते एक पान वाचावे. सर्वसाधारणपणे त्यात जे असते, ते आपल्या रस्त्यांच्या भाषेत असे सांगता येईल.

गाडी चालू केल्यावर अर्धे-एक मिनिट थांबा आणि निघा. इंजिन जागेवर तापवण्यापेक्षा हळू चालवत तापवणे चांगले. काट्यावर पाणी तापलेले दिसले तरी ऑईल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून पहिले सात-आठ किलोमीटर जोर लावू नका.

एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नका. नवी गाडी थेट समृद्धी महामार्गावर नेऊन क्रूझ कंट्रोल लावणे ही सुरुवातीसाठी चुकीची सहल आहे. त्यापेक्षा जळगाव-पारोळा-धुळे असा गावे, वळणे आणि मोकळे पट्टे असलेला रस्ता बरा. साठवरून ऐंशीवर न्यायची, पाय काढून गिअरमध्येच परत साठवर येऊ द्यायची. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि भिंतींना ऑईल मिळते, असे जाणकार सांगतात.

अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. फेऱ्यांचा काटा पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन हजारांच्या आणि डिझेल गाडीत अडीच हजारांच्या आत ठेवला तर पुरे. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. 

वरच्या गिअरमध्ये गुरगुरत, धडधडत गाडी ओढू नका. लळिंगच्या किंवा चाळीसगावकडून कन्नडच्या घाटात चढताना वेळीच खालचा गिअर टाका. शक्य असेल तर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पूर्ण भरलेली गाडी घेऊन असा मोठा घाट चढणे टाळा. मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तर नक्कीच टाळा. 

दर आठवड्याला पट्टी काढून ऑईल पाहा. नवे इंजिन सुरुवातीला थोडे जास्त ऑईल घेऊ शकते. पहिली मोफत सर्व्हिस चुकवू नका. तिथे मोटारींचे ऑईल बदलतीलच असे नाही, बहुतेक मोटारसायकलींचे मात्र बदलतात. वरून घालायची कसलीही 'शक्तिवर्धके' लागत नाहीत. हा सल्ला मी माणसांनाही देतो.

विजेवरच्या गाडीत पिस्टन नाही, रिंगा नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच नाही. पण टायर आणि ब्रेक तिलाही असतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

शरीराचे 'रनिंग इन'

घासणाऱ्या पृष्ठभागांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने त्याला ट्रायबॉलॉजी हे नाव दिले. इंजिनाइतकेच ते आमच्या अस्थिरोग विभागालाही लागते. सर जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याची वाटी आधी टेफ्लॉनची केली होती. ती काही वर्षांतच झिजून गेली आणि शेकडो रुग्णांचे खुबे पुन्हा उघडावे लागले. १९६२ च्या अखेरीस त्यांनी जास्त चिवट पॉलिएथिलीन वापरले, आणि त्यातून आजची खुबा-बदलाची शस्त्रक्रिया उभी राहिली. या वाटीतही पहिल्या एक-दोन वर्षांत गोळा थोडा आत बसतो, मग झीज अगदी मंद होते. अस्थिरोगतज्ज्ञ त्याला 'बेडिंग इन' म्हणतात. शब्द बदलला, क्रिया तीच.

पण मला जास्त काळजी वाटते ती धडधाकट तरुणांची. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे धुळ्या-जळगावच्या मैदानांवर आणि महामार्गाच्या कडेला मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. वर्षभर न धावलेली मुले जाहिरातीनंतर रोज दहा-दहा किलोमीटर पळतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी किंवा पाऊल धरून ओपीडीत येतात. पूर्वी हा आजार सैनिकांचा मानला जाई. १८५५ साली ब्राइटहॉप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने मोठ्या चालीनंतर पाय सुजलेल्या जवानांचे वर्णन केले. पुढे क्ष-किरण आले तेव्हा कळले की त्या पायांच्या हाडांना बारीक तडे गेलेले होते.

तडा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात का जातो? भार वाढला की हाड आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग तिथे नवे, मजबूत हाड भरते. पोखरणे दोन-तीन आठवड्यांत होते, भरायला तीनेक महिने लागतात. दम मात्र त्याआधीच वाढलेला असतो. फुप्फुसे म्हणतात पळ, हाड म्हणते थांब. म्हणून भरतीची तयारी जाहिरातीनंतर नव्हे, आधी चार महिने सुरू करावी. दर आठवड्याला अंतर थोडेच वाढवावे, एक-दोन दिवस सुटीचे ठेवावेत. एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल तर पळणे थांबवून दाखवून घ्यावे. खूप व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तुटलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडांवर पडत असतो.

इंजिन आणि शरीर यांत एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. इंजिन झिजून बसते. झिजलेले परत येत नाही. शरीर मात्र भार पेलून स्वतःला नव्याने बांधते, पन्नाशीतही बांधते. अट एकच, त्याला बांधायला वेळ मिळाला पाहिजे.

सर्वांत नवा भाग

आता टायर आणि ब्रेक. नव्या टायरच्या रबरावर साच्यातून निघताना राहिलेला निसरडा थर असू शकतो. तो घासून जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. नवे ब्रेकही डिस्कवर पूर्ण टेकलेले नसतात, आणि अनेक पुस्तिका पहिल्या ३०० किलोमीटरपर्यंत जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका असे सांगतात. म्हणजे इंजिन सांभाळण्याच्या नादात आपण विसरतो की पहिल्या काही दिवसांत गाडी थांबायलाही थोडी कमी तयार असते.

आणि गाडीतला सर्वांत नवा भाग असतो तो चालक. अपघात विभागात काम केलेल्या कोणालाही विचारा. नवी गाडी, नवा परवाना, पहाटे देवाला निघालेले कुटुंब, पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेले लेकरू, हे चित्र आम्ही पाहिले आहे आणि ते पुन्हा पाहायची इच्छा नाही. इंजिन बिघडले तर होनिंग करता येते. म्हणून माझ्या यादीत पहिल्या हजार किलोमीटरचा खरा नियम असा आहे. पहिले दोनशे किलोमीटर दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, शेजारी अनुभवी माणूस घेऊन. गाडीची रुंदी, आरशांतला आंधळा कोपरा आणि ब्रेकचा अंदाज येईपर्यंत महामार्गावर रात्र टाळायची. पट्टा मागच्या सीटवरही लावायचा. मूल मांडीवर नाही, मागे, त्याच्या स्वतःच्या आसनावर. झोप अपुरी असेल तर देव एक दिवस थांबतो.

गंमत अशी की इंजिनाला जे हवे, तेच चालकालाही हवे असते. बेताचा वेग, बदलता रस्ता आणि मध्ये थांबे. दोघेही बरोबरच बसतात.

महिन्याने गुरुजी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले. किती किलोमीटर झाले, असे विचारले. नऊशे, म्हणाले. कुटुंबाला घेऊन पद्मालयाला जाऊन आले होते. एरंडोलला चहाला थांबले, येताना उजेड असतानाच घरी पोहोचले. 

"आणि शेड?"

"मागच्या भिंतीचे दोन पत्रे काढून जाळी बसवली, सर. गाडी बाहेर काढूनच चालू..." मग स्वतःच हसले. "म्हणजे चालू करून लगेच बाहेर काढतो. मेव्हण्यांनाही सांगितलं. त्यांनी पण पाडव्याला गाडी बुक केलीय."